न शोधता हाती लागलेले जुने परदेशी गेम – तुमचे अनुभव सांगा

आधी कारण सांगते. मागच्या महिन्यात ऑफिसची जागा बदलली आणि जुनी कपाटं रिकामी करायचं काम माझ्या वाट्याला आलं. एका कपाटात स्लाइड प्रोजेक्टरची पेटी होती, उघडली तर प्रोजेक्टर गायब, आत नुसत्या वायरी, दोन बंद पडलेले कॅल्क्युलेटर आणि तळाशी एक राखाडी कॅसेट, वरून गोलसर, लेबल जपानी. आकारावरूनच कळलं की सुपर फॅमिकॉमची, म्हणजे सुपर निंटेंडो या गेम कन्सोलच्या जपानी आवृत्तीची आहे. फोनने लेबल वाचून घेतलं तर ड्रॅगन क्वेस्ट ५! १९९२ चा गेम, याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती यायला २००९ उजाडलं आणि ती पण निंटेंडो डीएसवर. जपानमध्ये लाखांनी विकली गेलीये, तिथे कुणाला तिचं अप्रूप नाही, पण प्रोजेक्टरच्या पेटीत? मी तिथेच जमिनीवर बसले.

घरी सुपर निंटेंडोचं अमेरिकन मॉडेल आहे, त्यात ती जाईना. खाचेत मागच्या बाजूला प्लॅस्टिकचे दोन दात असतात, जपानी कॅसेट त्यांना अडते. पिना तशाच, चिप तीच, अडवायला फक्त ते दोन दात. ते पकडीने काढून टाकले आणि कॅसेट बसली. पडद्यावर गेम आला आणि सेव्हच्या (खेळ जिथवर आला ते साठवायच्या) तीन जागांपैकी पहिली भरलेली होती. नायकाचं नाव हिरागाना या जपानी लिपीत आणि लेव्हल ३४. म्हणजे तीस वर्षांच्या आसपास ती नाण्याएवढी बॅटरी आत जिवंत आहे आणि कुणाच्या तरी कित्येक संध्याकाळी सांभाळून बसलीये. नाव इथे लिहीत नाही, ते त्या मुलाचं (की मुलीचं) आहे.

आता दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे तुम्हाला असे परदेशी गेम भलत्याच जागी कुठे कुठे सापडले ते सविस्तर सांगा, छोटं असलं तरी चालेल. आणि दुसरं, या सेव्हचं काय करू? बॅटरी कधीही जाईल.

*

ताई, आधी त्या कॅसेटला जास्त हलवू नका आणि बॅटरीला अजिबात हात लावू नका, सविस्तर नंतर लिहितो, कामावर आहे.

*

माझं पुस्तकात सापडलं. मला जुन्या तांत्रिक पुस्तकांचा नाद आहे, भाषा येत नसली तरी आकृत्यांसाठी घेतो. असंच पुलांच्या बांधकामावरचं एक जाडजूड जपानी पुस्तक घेतलं, घरी येऊन चाळायला लागलो तर मधल्या पानांत खूण म्हणून एक कार्ड घातलेलं. मला वाटलं कसलंसं ओळखपत्र असेल. क्रेडिट कार्डाएवढं, पण जरा जाड, एका कडेला सोनेरी पट्ट्या. ते पीसी इंजिनचं ह्यूकार्ड निघालं! एनईसी आणि हडसन या दोन कंपन्यांनी मिळून १९८७ मध्ये काढलेला कन्सोल, गेम अशा कार्डांवर यायचे. वाचकाने हाताला लागलं ते खूण म्हणून घातलं असणार आणि मग विसरला. किंवा अभ्यास करताना गेम आईपासून लपवला असेल, मला हेच जास्त पटतं.

एका मित्राकडे याच कन्सोलची अमेरिकन आवृत्ती, टर्बोग्राफ्क्स, आहे. धावत गेलो, कार्ड अगदी छान बसलं पण पडदा काळा. नंतर वाचलं तेव्हा समजलं की कार्डाचा आकार एकच ठेवून आतल्या डेटाच्या आठ तारांचा क्रम उलटा केलाय. सुपर निंटेंडोला दोन दात आणि इथे आठ तारांची अदलाबदल, कुलूप लावायच्या किती तऱ्हा! पुढे पाच महिन्यांनी जपानी पीसी इंजिन मिळालं तेव्हा तो गेम पहिल्यांदा चालला. पुस्तकातली ती पानं अजून कार्डाच्या आकाराची दबलेली आहेत.

*

सगळे माळे, पेट्या सांगतायत म्हणून मी वेगळी जागा सांगतो. मला जपानी गेम साध्या अमेरिकन कॅसेटच्या पोटात सापडला. खरंच पोटात. जायरोमाइट नावाचा निंटेंडोचा १९८५ चा गेम आहे, रोबॉटबरोबर खेळायचा, तो काही दुर्मिळ नाही. माझ्याकडे लहानपणापासून होता. तो सुरू केला की पडद्यावर नाव यायचं रोबॉट जायरो, लेबलवर मात्र जायरोमाइट. मी आणि भाऊ यावर भांडायचो, तो म्हणायचा छपाईची चूक आहे. मोठेपणी स्क्रू ड्रायव्हर आणून उघडली, त्यात जपानी फॅमिकॉमचा (निंटेंडोचा सुपर फॅमिकॉमच्या आधीचा कन्सोल, एनईएस ही त्याची अमेरिकन आवृत्ती) छोटा बोर्ड आणि त्याला जोडलेला अडॅप्टर! फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात आणि अमेरिकन एनईएसला ७२, तर सुरुवातीच्या काही कॅसेटमध्ये कंपनीने जपानी बोर्डच अडॅप्टर लावून बसवून टाकले होते आणि रोबॉट जायरो हे त्या गेमचं जपानमधलं नाव. म्हणजे पंचवीस वर्षं घरात परदेशी गेम होता आणि आम्ही दोघं तो शोधत दुनिया पालथी घालत होतो. सगळ्या जायरोमाइटमध्ये हे नसतं, पाच स्क्रूवाल्या आणि हाताला जड लागणाऱ्यांमध्ये असायची शक्यता जास्त. भावाला लगेच फोटो पाठवला, त्याने फक्त एवढंच लिहिलं की छपाईची चूक नव्हती तर.

*

माझा अनुभव वाईट आहे पण लिहिते, कुणाचं तरी मशीन वाचेल. एका शाळेच्या अडगळीत आम्ही स्वयंसेवक म्हणून साफसफाई करत होतो, तिथे लाल-पांढरा मूळ फॅमिकॉम मिळाला, १९८३ ला आलेलं मॉडेल, रिमोट मशीनलाच जोडलेले, सोबत सहा कॅसेट. मागच्या बाजूला कुणीतरी मार्करने जपानीत नाव लिहिलेलं. शाळेने आनंदाने देऊन टाकला. अडॅप्टर नव्हता, घरी एनईएसचा होता, पिन बरोब्बर बसली. चालू केला आणि दोन सेकंदांत जळका वास. एनईएसचा अडॅप्टर एसी करंट देतो, फॅमिकॉमला डीसी लागतो, १० व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह. पिन बसते म्हणजे चालतं असं नसतं. हे मला दोन मिनिटं वाचून कळलं असतं. कॅसेट सहाही नीट आहेत, मशीन एका दुरुस्तीवाल्या दादांनी दोन महिने झगडून चालू करून दिलं, रेग्युलेटर बदलावा लागला. कृपया, जुनं मशीन सापडलं की त्याच्या खाली काय छापलंय ते आधी वाचा, उत्साह नंतर.

*

वरच्या ताईंनी मार्करने लिहिलेल्या नावाचं सांगितलं म्हणून, जपानमधली मुलं गेम एकमेकांना द्यायची, हरवू नये म्हणून कॅसेटच्या मागे नाव घालायची. तिकडे कार्ट्रिजला कॅसेटच म्हणतात, आपल्यासारखंच. अशा नावं लिहिलेल्या कॅसेट जमवून मूळ मालकांपर्यंत पोचवायचा उपक्रमसुद्धा तिथे कुणीतरी चालवतं. माझ्याकडच्या तीन कॅसेटवर नावं आहेत, पुसायला स्पिरिटचा बोळा पुरतो, विकणारे पुसतात पण, मी पुसणार नाही.

*

फ्लॉपीच्या डब्यात. वडिलांच्या एका सहकाऱ्यांनी निवृत्त होताना कॉम्प्युटरच्या फ्लॉपींचे चार डबे दिले, त्यात एक पिवळी फ्लॉपी वेगळीच. तळहातात मावेल एवढी, आणि खालच्या कडेला निंटेंडो ही अक्षरं नुसती छापलेली नाहीत, खोल कोरलेली. ती अक्षरं म्हणजे कुलूपच होतं, ड्राइव्हमध्ये तशाच साच्यात बसली तर डिस्क आत जाणार. फॅमिकॉम डिस्क सिस्टिम, म्हणजे फॅमिकॉमला जोडायचा डिस्क ड्राइव्ह, १९८६. लेबल गोल्फच्या गेमचं.

ड्राइव्ह मिळवायला वर्ष गेलं. मिळाला तो बंद, कारण या ड्राइव्हमध्ये रबरी पट्टा असतो आणि तो वर्षानुवर्षांनी वितळून डांबरासारखा होतो, शब्दशः डांबर, बोटाला लागलं की दोन दिवस जात नाही. तो खरवडला, नवा बसवला, मोटर फिरायला लागली, तो कुरकुर आवाज ऐकून अंगावर काटा आला. आणि गोल्फच्या जागी सुरू झाला झेल्डा, निंटेंडोचा प्रसिद्ध साहसाचा गेम! त्या काळी जपानच्या दुकानांत मशीन असायचं, त्यात जुनी डिस्क घालून तिच्यावर दुसरा गेम लिहून घ्यायचा. निंटेंडोने ही सेवा २००३ पर्यंत चालू ठेवली होती. म्हणजे त्या मुलाला गोल्फचा कंटाळा आला, त्याने झेल्डा भरून घेतला आणि लेबल बदलायचं राहिलं.

या आवृत्तीत एक गोष्ट आहे जी इंग्रजी आवृत्तीत करताच येत नाही. फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटमध्ये माइक असतो. गेममध्ये मोठ्या कानांची भुतं आहेत, तुम्ही माइकमध्ये ओरडलात की ती मरतात. इंग्रजी पुस्तिकेतही लिहिलं होतं की यांना मोठा आवाज सहन होत नाही, पण तिकडच्या रिमोटला माइकच नाही! मी रात्री साडेअकराला त्या रिमोटमध्ये ओरडलो, भुतं पटापट गेली, शेजारचे दार वाजवायला आले.

*

थोडक्यात लिहिते. सापडलेली प्रत्येक गोष्ट खरी नसते. एका जुन्या बॅगेच्या चोरकप्प्यात मदर ३ मिळाला होता, गेमबॉय अ‍ॅडव्हान्स या निंटेंडोच्या हातात धरायच्या कन्सोलचा गेम, २००६ चा, फक्त जपानमध्ये निघालेला. आठवडाभर हवेत होते. मग नीट पाहिलं, लेबलवर दाबून उमटवलेले दोन बारीक आकडे असतात ते नाहीत, आणि खालच्या फटीतून पिनांच्या वर निंटेंडोचं नाव दिसायला हवं तेही नाही. नक्कल होती. उजेडात तिरकं धरून बघा, ते आकडे रंगाने दिसत नाहीत, सावलीने दिसतात.

*

बाबा जहाजावर होते. ते गेल्यावर त्यांची लोखंडी ट्रंक आम्ही बरेच दिवस उघडली नाही, उघडली तेव्हा कपड्यांच्या घडीत एक छोटा पारदर्शक खेळ निघाला, वंडरस्वान, बांदाईचा, १९९९ चा, जपानबाहेर अधिकृत कधी आलाच नाही. आत गनपे नावाचा गेम. गेमबॉय ज्यांनी घडवला त्या गुनपेई योकोई यांनी निंटेंडो सोडल्यावर या वंडरस्वानचं काम हाती घेतलं होतं, १९९७ मध्ये ते अपघातात गेले, मशीन बाजारात आलेलं त्यांनी पाहिलं नाही. गेमला त्यांचं नाव आहे.

एक पेन्सिल सेल लागतो, फक्त एक. सेलच्या जागी बाबांनी कागद गुंडाळून घातला होता, सेल आत राहून गळू नये म्हणून. त्यांची ती सवय, घरातल्या प्रत्येक टॉर्चमध्ये कागद असायचा. नवा सेल घातला, चालू झाला. बाबांना आम्ही कधी गेम खेळताना पाहिलं नव्हतं. गनपे उभा धरून खेळतात, पुस्तकासारखा, आणि मला आता सारखं वाटतं की केबिनमध्ये ते तसे बसत असतील. आमच्यासाठी आणून द्यायचा राहिला की स्वतःसाठी घेतला होता, हे आता कळणार नाही.

*

वरचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट तरी पण सांगतो. सोनी आणि निंटेंडो यांनी मिळून एक सीडीवाला कन्सोल करायला घेतला होता, तो करार नव्वदच्या सुरुवातीला मोडला. त्याचा एक नमुना २०१५ मध्ये उजेडात आला आणि तो कुठून आला तर दिवाळखोरीत गेलेल्या एका कंपनीच्या सामानाच्या लिलावातल्या खोक्यातून. घेणाऱ्याला तो काय आहे हे माहीतही नव्हतं. म्हणून खोकी उघडून बघा. वरवर वायरींचा गुंता दिसला तरी तळ बघा.

*

ताई, आता सविस्तर. कॅसेटमधला सेव्ह बॅटरीच्या जिवावर मेमरी चिपमध्ये असतो, बॅटरी काढली की गेला. म्हणून आधी यूएसबीवाला कार्ट्रिज रीडर मिळवा, कॅसेटच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा (सुकू द्या पूर्ण), मग सेव्हची फाइल कॉम्प्युटरवर दोनदा उतरवा आणि दोन्ही फाइल तंतोतंत सारख्या आहेत का बघा. सारख्या आल्या तरच पुढे. मग जुनी बॅटरी काढून नवी सीआर २०३२, पण पट्ट्या लावलेली घ्या, थेट बॅटरीवर सोल्डर करू नका, ती तापते आणि फुटू शकते. प्लस-मायनस बोर्डवर छापलेलं असतं. मग फाइल परत कॅसेटमध्ये लिहायची. घाई केली तर या मालिकेत सेव्ह गेल्यावर एक शापाची धून वाजते आणि साहसाची वही पुसली गेल्याचा निरोप येतो, जपानमधल्या त्या पिढीला ती धून अजून नको वाटते.

*

दादा, मनापासून आभार. तुम्ही लिहिलंत त्याच क्रमाने केलं. पहिल्यांदा दोन फाइल जुळल्या नाहीत, घाम फुटला, पिना परत पुसल्या, बोळा काळाकुट्ट निघाला, मग तीन वेळा उतरवली आणि तिन्ही सारख्या आल्या. बॅटरी काल रात्री बदलली, आमच्याकडे सोल्डरिंग माझ्या धाकट्या मुलीचा हात धरून होतं, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. जुनी बॅटरी मीटरवर लावली तर २.४ व्होल्ट उरले होते, नवीला ३ असतात.

फाइल परत लिहिली, कॅसेट बसवली, चालू केलं. धून वाजली नाही. पहिल्या ओळीत तेच नाव, लेव्हल ३४. दुसरी जागा मोकळी होती, तिथे मुलीने आपलं नाव घातलं, हिरागाना फोनवर बघून बघून, चार अक्षरांत बसवायला तिला शेवटचं अक्षर सोडावं लागलं.