८ इंची एससीटी + ५८५ कॅमेरा: एम४२ फ्रेममध्ये मावत नाही

कृत्तिका७:
दुर्बीण ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन (एससीटी), फोकल लेंग्थ २०३२ मिमी, एफ/१०. माउंट एका हाताचा अल्ट-अझिमथ (वर-खाली आणि आडवा फिरणारा). कॅमेरा आयएमएक्स५८५ सेन्सरचा, रंगीत, २.९ मायक्रॉन पिक्सेल, ३८४०×२१६०. ठिकाण पुणे. मृगातल्या तेजोमेघाचा (एम४२) नुसता गाभा येतो, तारे फुगीर दिसतात. १० सेकंदांच्या फ्रेममध्ये मधले तारे ठीक, पण कोपऱ्यातले लांबट. ०.६३ रिड्यूसर (फोकल लेंग्थ ०.६३ पट करणारं भिंग) घ्यावा की मोठ्या सेन्सरचा कॅमेरा? देवयानी दीर्घिकाही काढायची आहे.

मघा_रात्र:
आधी आकडेमोड करा. २०६.२६५ गुणिले पिक्सेल (मायक्रॉन) भागिले फोकल लेंग्थ (मिमी). तुमचं उत्तर येतं पिक्सेलला ०.२९ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद). आपल्याकडे वातावरणच ताऱ्याला २ ते ४ आर्कसेकंद पसरवतं, म्हणजे एकेक तारा दहा-दहा पिक्सेल खातो. फुगीर दिसणारच. फोकस चुकला असेल तर आणखी फुगेल, पण मूळ कारण हेच. तेजोमेघ-दीर्घिकांसाठी पिक्सेलला १ ते १.५ आर्कसेकंदांच्या आसपास राहा.

फ्रेम येते सुमारे १९×११ कलांची (६० कला म्हणजे एक अंश). एम४२ जवळपास एक अंशाचा, देवयानी तीन अंश लांब. रिड्यूसर लावून १२८० मिमी केलं तरी फ्रेम ३०×१७ कलाच. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तूर्त पैसे घालू नका. कॅमेरा हाच ठेवून ४०० मिमीच्या आसपासचा छोटा अपवर्ती (भिंगाची दुर्बीण) घ्या: पिक्सेलला १.५ आर्कसेकंद, फ्रेम १.६×०.९ अंश. एम४२ चा बहुतेक भाग येईल. देवयानीचा गाभा आणि तिच्या शेजारच्या एम३२ आणि एम११० या छोट्या दीर्घिका एकत्र बसतील. कॅमेऱ्यासमोरची काच साधी असेल तर यूव्ही-आयआर कट (अतिनील-इन्फ्रारेड अडवणारा) फिल्टर लावाच, नाहीतर अपवर्तीत इन्फ्रारेड वेगळीकडे फोकस होऊन तारे पुन्हा फुगतील.

ध्रुवमत्स्य:
कोपऱ्यातले तारे लांबट होतात ते क्षेत्रभ्रमणामुळे. अल्ट-अझ माउंट तारा मध्यावर धरून ठेवतो, पण त्याच्याभोवती आकाश फिरत राहतं. वेग = १५ × कोसाइन(अक्षांश) × कोसाइन(दिगंश, म्हणजे उत्तरेपासून क्षितिजावर मोजलेला कोन) ÷ कोसाइन(उंची), अंश प्रति तास. पुण्याहून एम४२ याम्योत्तरावर (उत्तर-दक्षिण रेषेवर, सर्वात उंच) ६६° उंच असतो, तेव्हा वेग ताशी ३५°. १० सेकंदांत कोपऱ्यातला तारा जवळजवळ ४ पिक्सेल सरकतो. तोच आग्नेयेला ४०° उंचीवर असताना ताशी ८° पेक्षा कमी, म्हणजे एक पिक्सेलही नाही. तेव्हा डोक्यावर यायची वाट पाहू नका, चढत असतानाच काढा. फ्रेम-फ्रेममधला फिरवलेपणा स्टॅकिंग (अनेक फ्रेम एकावर एक जुळवणारं) सॉफ्टवेअर दुरुस्त करतं, एका फ्रेमच्या आतला नाही. आणि फोकल लेंग्थ कमी केल्याने हा पिक्सेलमधला आकडा बदलत नाही, हे लोक हमखास विसरतात. अपवर्ती घेतला तरी याच माउंटवर हा प्रश्न राहणार; लांब एक्स्पोजर हवं असेल तर विषुववृत्तीय माउंट किंवा वेज (याच माउंटला ध्रुवाकडे कलता करणारा आधार).

मघा_रात्र:
बरोबर. माउंटचा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता.

काचभिंग:
रिड्यूसर वाया जात नाही, फक्त लक्ष्य बदलून लहान घ्या: एम५१ (दीर्घिका), एम१३ (तारकागुच्छ), एम५७ (तेजोमेघ). पण अंतर नीट जुळवा. या एससीटी रिड्यूसरला मागच्या कडेपासून सेन्सरपर्यंत साधारण १०५ मिमी लागतात. टी-अडॅप्टर ५० मिमी, कॅमेऱ्याचं स्वतःचं १७.५ (तुमच्या मॉडेलचं तपासा), म्हणजे मधे ३७.५ मिमीचे स्पेसर. २ मिमी जाड फिल्टर आला तर ०.७ मिमी वाढवा. अंतर वाढलं की प्रतिमा आणखी लहान होते आणि कडेचे तारे बिघडतात; कमी पडलं तर ०.६३ मिळतच नाही. जोडल्यावर एक फ्रेम प्लेट-सॉल्व्ह करून (सॉफ्टवेअरने तारे ओळखून) खरी फोकल लेंग्थ बघा.

एवढी लांब शेपूट लावल्यावर एका हाताच्या माउंटवर नळी उंच गेली की कॅमेरा बेसला धडकतो. नळी डव्हटेलमध्ये (माउंटवरच्या पट्टीच्या खाचेत) पुढे सरकवा आणि हँड कंट्रोलमध्ये उंचीची मर्यादा घाला. फोकसचा शेवटचा फिरकावा घड्याळाच्या उलट दिशेने द्या, म्हणजे आरसा वर ढकलला जाऊन टेकून राहतो, घसरत नाही.

कृत्तिका७:
मग गुरूसाठी बार्लो (फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग) कोणता?

काचभिंग:
ग्रहांना एफ-अंक पिक्सेलच्या पाचपट धरा: २.९ × ५ = १४.५. तुमची दुर्बीण एफ/१०, म्हणजे १.५ पट बार्लो पुरे. सेन्सरचा ६४०×४८० एवढाच तुकडा वापरा, एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या आसपास, यूएसबी ३. एक व्हिडिओ दोन-तीन मिनिटांहून लांब नको, गुरू १० तासांच्या आत एक फेरी मारतो आणि तपशील पुसला जातो. दोन पट बार्लो घरात असेल तर चालेल, फक्त प्रतिमा अंधुक होईल आणि गेन (कॅमेऱ्याची सिग्नल-वाढ) वाढवावा लागेल.