तिमोर-लेस्ते अजून डॉलर का वापरतो?

भटक्या_सातारकर:
मंडळी, बावळट प्रश्न वाटेल पण विचारतो. आसियान (आग्नेय आशियातल्या देशांचा गट) मधे ११वा देश म्हणून इंडोनेशियाशेजारचा तिमोर-लेस्ते आला ते वाचलं आणि मग रात्रभर नेटवर शोधत बसलो. २००२ ला स्वतंत्र झाला, झेंडा स्वतःचा, राष्ट्रगीत स्वतःचं आणि खिशात नोटा मात्र अमेरिकेच्या?? नव्या देशाने आधी स्वतःच्या नोटा छापायला नकोत का?

हिशोबनीस:
छापतील हो, पण घेणार कोण? आधी तिथे इंडोनेशियाचं राज्य होतं. १९९९ च्या सार्वमतात ७८ टक्क्यांहून जास्त लोकांनी इंडोनेशिया नको म्हणून सांगितलं, त्यावर मिलिशियावाल्यांनी (इंडोनेशियाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी) जाता जाता घरं, शाळा, वीज सगळं जाळलं. वरच्या हुद्द्यावरचे अधिकारी आणि कितीतरी शिक्षक बाहेरून आलेले, ते पण गेले. कर गोळा करायला माणूस नाही, धड बँक नाही, अशात युनोच्या प्रशासनाने २००० साली डॉलर लावला. चिल्लर मात्र त्यांची स्वतःची आहे, सेंतावो, २००३ पासून. फुकट काहीच नसतं म्हणा, डॉलर वधारला की इंडोनेशियाचा माल स्वस्तात आत येतो, तिथल्या शेतकऱ्याची भाजी पडून राहते आणि सरकारला चलनाचा दर हलवता येत नाही.

म्हापशेकर:
नोटांचं जाऊ द्या, कोर्टाचं बघा. इंडोनेशियाच्या आधी ती पोर्तुगीज वसाहत, म्हणून कायद्याची भाषा पोर्तुगीज आणि तिथली तेतुम, तरुण वकील शिकलेले बहासात, म्हणजे इंडोनेशियाच्या भाषेत! २००५ ला तिथले झाडून सगळे न्यायाधीश परीक्षेत नापास झाले, मग पोर्तुगालसारख्या देशांतून न्यायाधीश आणून काम चालवलं. आम्हा गोंयकारांना हे कळतं, १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा आमच्याकडे अजून आहे आणि जुने दस्तऐवज वाचायला पोर्तुगीज येणारा माणूस हुडकावा लागतो. पण १९६१ नंतर आमच्या पाठीशी अख्ख्या भारताची कोर्टं होती, त्यांच्या पाठीशी कोण?

हिशोबनीस:
@म्हापशेकर अगदी. म्हणून मला त्यांचा २००५ चा पेट्रोलियम फंड भारी वाटतो. तेलाचा पैसा थेट मंत्र्यांच्या हातात नाही, आधी फंडात, तो परदेशी रोख्यात आणि शेअरमधे, आणि दरवर्षी साधारण ३ टक्के काढायचे असा हिशोब. संसदेला कारण सांगून जास्त काढता येतात आणि बरीच वर्षं तेच चाललंय 😅 तरी १३ लाख लोकांच्या देशाकडे १८ अब्ज डॉलरच्या आसपास शिल्लक आहे.

रेवती_पुणे:
पण तिजोरीला कुलूप लावून भागत नाही ना दादा. फंड झाला आणि पुढच्याच वर्षी, २००६ ला, भेदभावाची तक्रार करणाऱ्या जवळपास ६०० सैनिकांना काढून टाकलं, राजधानी दिलीत घरं पेटली, एक लाखाच्या वर लोक तंबूत आणि परदेशी फौज पुन्हा मदतीला बोलवावी लागली. सैन्य नवीन, पोलीस नवीन, तक्रार ऐकून घेणारं कोणी नाही.

भटक्या_सातारकर:
बाप रे, मी नोटांवरच अडकलेलो. मग आता तेल संपलं तर?

हिशोबनीस:
बायू-उंदान हे त्यांचं समुद्रातलं तेल-गॅस क्षेत्र संपलंच आहे भाऊ. ग्रेटर सनराइज हे दुसरं क्षेत्र बाकी आहे, पण गॅसची पाइप तिमोरला न्यायची की ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला यावर कित्येक वर्षं घोळ चालू आहे. तोवर तिथली कॉफी विकायची.