ठाणे की श्रीस्थानक?

चेंदणीकर: आमच्या सोसायटीत ठराव आलाय, नव्या कमानीवर ‘ठाणे’ऐवजी ‘श्रीस्थानक’ लिहायचं, कारण म्हणे मूळ नाव तेच, ठाणे हा अपभ्रंश. माझा विरोध आहे. संस्कृत ‘स्थान’चं प्राकृतात ‘ठाण’ होतं आणि ‘स्थानकम्’चं शेपूट झिजून मराठीत ‘ठाणें’. मराठीचा नियमच आहे तो.

नौपाडावासी: नियमाने झिजलं तरी झिजलंच ना? ही शिलाहार राजांची राजधानी. १७८७ मध्ये किल्ल्यात खोदकाम करताना त्यांच्यातल्या अरिकेसरी राजाचा ताम्रपट मिळाला, शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७. त्यात नाव आहे श्रीस्थानक. आणि माझ्या मुलीला शिकवतात काय, तर इथे लष्कराचं ठाणं होतं म्हणून ठाणे! पोटात तुटतं हो.

चेंदणीकर: लष्कराची गोष्ट खोटी, हे शंभर टक्के मान्य. पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला १७३० मध्ये, गावाचं नाव त्याआधी कित्येक शतकांचं. पण त्या ताम्रपटानंतर जेमतेम १३ वर्षांनी अरबीत लिहिणारा विद्वान अल्बेरुनी कोकणची राजधानी म्हणून ‘ताना’ लिहितो. पुढे मार्को पोलोही ‘ताना’च. दरबारात स्थानक आणि बंदराच्या धक्क्यावर ठाण, दोन्ही एकाच काळात नांदत होती.

राबोडीची: परक्यांच्या उच्चारावर कसला भरवसा? अरबी जिभेला ‘स्थ’ जमत नाही, म्हणून ‘ताना’ झालं असेल.

चेंदणीकर: ताई, ‘स्थ’ जमला नसता तर अरबांनी आधी ‘इ’ लावून ‘इस्ता...’ केलं असतं. आणि शेवटचा ‘क’ कुठे गेला? तो तर त्यांना सहज येतो. त्यांच्या कानावर ‘क’ पडलाच नाही, कारण बंदरावरची माणसं तो उच्चारतच नव्हती. घोडे उतरवून घेणारी, कापड चढवणारी माणसं. त्यांच्या तोंडचं नाव कमानीवर नको, हे मला सहन होत नाही.

राबोडीची: ‘क’चा मुद्दा पटला. माझं मत ठाणेला.

नौपाडावासी: मला अर्धाच पटला. बोलीतलं नाव रोज कानावर पडतंच, बसच्या पाटीवरही आहे. ताम्रपटातलं मुलांना दिसणार कुठे? कमानीवर तेच हवं. रविवारच्या सभेत मी ठरावाच्या बाजूने बोलणार, आणि ताम्रपटाचं भाषांतर छापून सगळ्यांना वाटणार.