मदत हवी आहे: सातवीच्या वर्गाला तळ्यातले जीव दाखवायचे आहेत

36 मुलं, दोन तास, सूक्ष्मदर्शक एकच. आधी चाचणी म्हणून जाळी फिरवून पाहिली तर ट्रेमध्ये नुसता चिखल, आणि जे वळवळत होतं तेही तासाभरात निपचित. काय चुकतंय?

शेवाळं (सदस्याचं टोपणनाव): जाळी तळाला घासली की चिखल येणारच. तळापासून वीतभर वर धरून पाणवनस्पतींच्या देठांमधून आडव्या 8 च्या आकारात अर्धा मिनिट फिरवा, म्हणजे आत आलेला जीव परत निसटत नाही. छिद्रं साधारण 1 मिमीची हवीत. पांढऱ्या ट्रेमध्ये तळ्याचंच स्वच्छ पाणी दोन-तीन सेंमी आधी भरून ठेवा (नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं) आणि जाळी त्यात उलटी करा. मग दोन मिनिटं हात लावायचा नाही! गाळ बसतो आणि जे हलतं ते आपोआप दिसतं.

निपचित पडतात ते उन्हामुळे. उथळ पाणी लगेच तापतं, आणि कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. ट्रे सावलीत ठेवा, वीस मिनिटांत सगळं तळ्यात परत सोडा. सहा मुलांमागे एक ट्रे पुरतो.

पाणकणीस (दुसऱ्या सदस्याचं टोपणनाव): काही मेले नसतील, खाल्ले गेले असतील. चतुराची अळी दिसली की चमच्याने वेगळ्या वाटीत काढा. तिचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली असतो, भक्ष्य टप्प्यात आलं की झटक्यात पुढे येतो. शेपटाला पानासारखे तीन कल्ले दिसले तर ती टाचणीची (चतुरासारख्या सडपातळ कीटकाची) अळी. लाल बारीक अळ्यांना मुलं जळू म्हणतील. त्या न चावणाऱ्या माशीच्या असतात, लाली हिमोग्लोबिनची, म्हणून कमी ऑक्सिजनच्या गाळातही तगतात.

पाठीवर उलटा पोहणारा पाणढेकूण मात्र हातात घेऊ देऊ नका, कडकडून चावतो. पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय असेल तर ते तळंच सोडा. ज्यांना जखम आहे त्यांनी फक्त नोंदी घ्यायच्या. काठावर वाकून नाही, गुडघे टेकून बसवा. शेवटी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.

शेवाळं: सूक्ष्मदर्शक एकच आहे तर त्याखाली डॅफ्निया (पाण्यातला इवलासा पारदर्शक जीव) ठेवा. खळग्याच्या काचपट्टीवर एक थेंब, 40 पट पुरे. पारदर्शक पाठीतून हृदय धडधडताना दिसतं, रांगेतलं मूल हलत नाही. पॅरामिशियम (एकपेशीय जीव) हवं असेल तर थेंबात कापसाचे चार तंतू टाका, नाहीतर ते नजरेत टिकत नाही.

प्रश्नकर्ता: एखादी बरणी वर्गात आणली तर?

पाणकणीस: रुंद तोंडाची, झाकण न लावता, एक गोगलगाय आणि पाणवनस्पतीची एक फांदी. मासा नको, चतुराची अळी तर नकोच. दोन दिवसांनी त्याच तळ्यात सोडा, दुसऱ्या नाही. जाळ्याही खडखडीत वाळवूनच दुसऱ्या तळ्यावर न्या, ओल्या जाळीतून गोगलगायीची अंडी सहज जातात.