चेंडू दिसतो, पण पाय हलत नाहीत

सोलापूरचा_डावखुरा
नमस्कार मंडळी. वय ४६, टेनिस चाळिशी उलटल्यावर सुरू केलं. आठवड्यातून चार दिवस सकाळी सहाला मातीच्या कोर्टवर डबल्स, रविवारी सिंगल्स. भिंतीवर तासभर खेळलो तर फारशी चूक होत नाही. पण सामन्यात चेंडू येताना लख्ख दिसतो आणि पाय आपले जमिनीला चिकटलेले. पोचतो तेव्हा चेंडू अंगाच्या मागे गेलेला असतो, मग नुसती रॅकेट आडवी घालायची.

वेग कमी पडतोय म्हणून दोन महिने पहाटे उठून स्प्रिंट मारल्या. धाप कमी झाली, टेनिस तिथंच. त्यात आमच्याकडे ६८ वर्षांचे एक काका आहेत. गुडघ्याला पट्टा बांधून येतात, त्यांना पळताना मी कधी पाहिलेलं नाही, आणि दर रविवारी मला ६-२ नं हरवतात. चपळाई जन्मजातच असते का हो?

बेसलाइन_सांगली
दादा, बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेघेच्या, मधल्या खुणेपासून सिंगल्सची बाजूची रेघ फक्त ४.११ मीटरवर आहे. हात आणि रॅकेटची लांबी वजा करा, उरतात तीन पावलं. तिथं स्प्रिंट काय कामाची? तुमचा वेळ जातोय तो पहिलं पाऊल पडायच्या आधी.

मोबाइल मागच्या जाळीला अडकवा आणि दोन गेम शूट करा. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते तिथं व्हिडिओ थांबवून फक्त स्वतःच्या टाचा बघा. पंधरा वर्षं पोरांना शिकवतोय, पैजेवर सांगतो, टाचा टेकलेल्या असतील आणि तुम्ही स्वतःचाच फटका कौतुकानं बघत उभे असाल.

त्या क्षणी तुम्ही हवेत पाहिजे. यालाच स्प्लिट स्टेप म्हणतात. उडी केवढी, तर पायाखालून घडी घातलेलं वर्तमानपत्र सरकवता येईल एवढीच. समोरचा मारताना तुम्ही वर, चेंडू कुठं चाललाय ते कळेपर्यंत चवड्यांवर खाली. उतरताना पोटऱ्या ताणल्या जातात आणि त्याच ताणावर पुढचं पाऊल सुटतं. नवशिके हमखास लवकर उडी मारतात. उतरून क्षणभर थांबलात की ताण गेला, परत पुतळा.

आठवडाभर खेळताना समोरच्याच्या प्रत्येक फटक्याला तोंडानं 'हप्' म्हणा आणि त्याच आवाजावर उडी. लाज वाटेल. वाटू दे.

रोज_दहा_किलोमीटर
जमिनीवर दोरीची शिडी आखून पावलं टाकायचा व्यायाम करा. मला फुटबॉलला खूप उपयोग झाला.

ठाणेकर_स्लाइस
शिडी पायांना छानच, पण शिडीत पुढचं पाऊल कुठं पडणार हे आधीच ठरलेलं असतं. टेनिसमध्ये तेच तर ठाऊक नसतं. त्यापेक्षा जोडीदाराला चार-पाच मीटरवर उभं करा, दोन्ही हातांत एकेक चेंडू, खांद्याच्या उंचीवर. तो न सांगता कुठलाही एक सोडेल, तुम्ही दुसऱ्या टप्प्याच्या आत झेलायचा. दहा वेळा केलंत की घामाघूम.

दुसरं असं, की डोळ्यांनी पाहून शरीर हलायला साधारण ०.२ सेकंद लागतात, तुम्हालाही आणि चॅम्पियनलाही. तिथं फारसं काही कमावता येत नाही. कमाई असते ती आधीपासून बघण्यात. बोरिस बेकर या जुन्या चॅम्पियनविरुद्ध आंद्रे आगासी पहिले तिन्ही सामने हरला होता. मग त्याच्या लक्षात आलं की सर्व्हिसच्या आधी बेकर जीभ बाहेर काढतो, आणि जीभ मधे की कडेला यावरून चेंडू कुठं येणार ते कळतं. हे त्यानं स्वतःच पुढे सांगितलंय. तुमच्या काकांची जीभ बघायला नको, पण टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू, कुठं जातो आणि खांदे कधी वळतात ते बघा. तुम्ही बहुतेक चेंडू जाळीवरून आला की बघायला लागता.

मोजे_आणि_माती
बूट कुठले घालता? पळायचे घालत असाल तर आज बदला. त्यांची टाच उंच असते, बाजूला झोक गेला की घोटा मुरगळतो. मातीसाठी तळव्याला बारीक नागमोडी नक्षी असलेले घ्या.

सोलापूरचा_डावखुरा
तीन आठवड्यांनी हजर. व्हिडिओ पाहिला. टाचा टेकलेल्या! पैज तुम्हीच जिंकलात.

पण खरी गंमत वेगळीच. एक दिवस खेळलो नाही, बाकावर बसून फक्त काकांचे पाय बघितले. समोरच्यानं मारलं की दर वेळी मातीवर 'खस्स' आवाज. अगदी हलका, दोन्ही पाय एकदम टेकल्याचा. इतकी वर्षं समोर खेळतोय, कधी ऐकला नव्हता. सेट संपल्यावर पाणी मारायच्या आधी जाऊन बघितलं, तर त्यांच्या बाजूला पावलांच्या जोड्याच जोड्या, खांद्याएवढ्या अंतरानं. माझ्या बाजूला उठलेले असतात ते लांबलचक ओरखडे, शेवटच्या क्षणी फरपटत गेल्याचे.

'हप्' सुरू केलं. काका म्हणाले, "उचकी लागली का रे?" पहिला आठवडा लवकरच उडत होतो, आता दहातल्या सहा वेळा जमतं. परवा ४-६ नं हरलो. बॅकहँडला अजून उशीर होतोच. पोटऱ्या मात्र भयंकर दुखतात. रोज करू का?

बेसलाइन_सांगली
दिवसाआड. आधी पाच मिनिटं दोरीवरच्या उड्या, आणि नंतर पायरीवर चवडे ठेवून टाचा खाली सोडा. आणि हे सगळं काकांना सांगू नका, जाळीपाशी अलगद टाकायचे ड्रॉपशॉट मारायला लागतील.

सोलापूरचा_डावखुरा
लागलेत.