पाचवी गणित : चाचणीचे मार्क आहेत, पण सोमवारी वर्गात घ्यायचं काय?

पाचवी_ब_भांडुप
नमस्कार मंडळी, पाचवीला गणित शिकवते, मराठी माध्यम, वर्गात ४३ पोरं. आकारिकच्या (म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदी आहेत, घटक चाचणीचे मार्क आहेत, वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीचे पण भरून झाले, कागदांचा नुसता ढीग झालाय, पण त्यातून पुढचा पाठ कुठून सुरू करायचा ते काही कळत नाही. वर शनिवारी पालकसभा. मागच्या वर्षी वर्णनात्मक नोंदीत 'गणितात रस घेतो' आणि 'सराव आवश्यक' हेच आलटून पालटून सगळ्यांना लिहिलं (खरं सांगते, लाज वाटली). एक आई सरळ म्हणाली, बाई ब-२ श्रेणी म्हणजे काय, आणि मी घरी नेमकं काय करून घेऊ? माझी बोलतीच बंद. तुम्ही कसं करता?

खडूफळा_परळ
बाई, आधी ती मार्कांची बेरीज बाजूला ठेवा. पाचवीला पहिल्या सत्रात आकारिक ५०, संकलित (सत्राच्या शेवटची परीक्षा) ५०, एकूण ६१ ते ७० च्या मध्ये आला की ब-२, त्यात पोराला काय येतं ते कुठंच दिसत नाही. एका ब-२ वाल्याचं घोडं भागाकारात अडलेलं, दुसऱ्याचं कोनात. मी निवृत्त होईपर्यंत एकच करायचो, चुकलेली उत्तरं वाचायचो. ८२४ भागिले ४ देऊन बघा, उत्तर २०६. कोणी २६ लिहील, त्याला पाढे येतात, फक्त दशकाच्या २ ला ४ चा भाग जात नाही तिथं शून्य मांडायचं राहिलं. कोणी २०५ बाकी ४ लिहील, त्याला बाकी भाजकापेक्षा लहान हवी हेच माहीत नाही. दोघांनाही फुली, दोघांनाही 'सराव आवश्यक', आणि २६ वाल्याने अशी शंभर उदाहरणं केली तरी तो शंभर वेळा शून्य खाणार.

एक्सेलवाले_सर
सरांना +१. शीटमध्ये उभे पोरं, आडवे प्रश्न, आणि चुकलं तिथं ० न टाकता अक्षर टाका, श म्हणजे शून्य सुटलं, ब म्हणजे बाकीचा घोळ, व म्हणजे उदाहरण वाचताच आलं नाही. खाली काउंटइफ (एक्सेलचं मोजणीचं सूत्र) लावलं की कुठली चूक किती जणांची ते लगेच येतं. अर्धा वर्ग एकाच अक्षरावर अडला तर सगळ्यांना परत शिकवा, तीन-चारच असतील तर मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं जवळ घेऊन बसायचं. प्रश्न सहाच ठेवा हां, मी एकदा वीस काढले आणि कल्याण येईपर्यंत लोकलमध्ये पेपर तपासत होतो.

गोवंडीची_ताई
लेखीवर एवढा भरवसा ठेवू नका हो. माझ्या वर्गात अर्ध्या पोरांच्या घरी हिंदी नाहीतर भोजपुरी, शाब्दिक उदाहरणात भोपळा. तेच पोर जवळ बोलावून विचारलं की वडापाव १८ ला, सहा घेतले तर किती, तर बोटंसुद्धा न मोजता १०८. म्हणजे अडलंय ते वाचनात, गणितात नाही! आकारिकमध्ये तोंडी काम आहे ते ह्यासाठीच, आपण सगळे ते शेवटच्या आठवड्यात अंदाजाने भरतो ते सोडा. आणि पालकसभेत सरांनी सांगितलेली ती शीट सगळ्यांसमोर दाखवू नका, प्रत्येकाला फक्त त्याच्या पोराची ओळ.

पाचवी_ब_भांडुप
सगळ्यांचे आभार. सहा प्रश्नांची चाचणी घेतली, ४१ हजर, १७ जणांनी २६ लिहिलं! १७!! म्हणजे ते शून्य मीच घाईत उरकलं होतं. मग खेळण्यातल्या नोटा नेल्या, ८२४ रुपयांच्या, शंभराच्या आठ चौघांत वाटल्या, दहाच्या दोन राहिल्या तसा एकजण ओरडला, बाई दोन नोटा चौघांत कशा पुरतील, कुणालाच नाही! मग तिथं शून्य मांडलं, त्या दोन मोडून सुटे केले, हातातले चार धरून २४, प्रत्येकी ६. नोंदीत लिहिलं, 'भागाकार करते, मधलं शून्य सुटतं; घरी रोज दोन उदाहरणं, उत्तराला भाजकाने गुणून ताळा बघावा.' तीच आई म्हणाली, एवढं तर मी भाकऱ्या करता करता घेईन.

मुख्याध्यापकांना मात्र अजून ग्राफच हवाय. एक्सेलवाले सर, तो कसा काढायचा तेवढं सांगा ना.