शब्दचर्चा: डुकराचं कातडं, चामडं की चर्म?

प्रश्न
सीमाशुल्क दरसूचीच्या ४१व्या प्रकरणाचा मराठी मसुदा तपासते आहे. ४१०३ ३० ही नोंद डुकराच्या कच्च्या मालाची. आधीच्या कुणीतरी सरसकट ‘वराहचर्म’ करून ठेवलंय. वाचलं की पूजेच्या सामानाची यादी वाटते. इथे कातडं लिहू की चामडं? आणि ‘कच्चं’ म्हटलेलं चालेल का?

उत्तर
चामडं नको, ताई. कातडं कमावलं की त्याचं चामडं होतं. चप्पल चामड्याची असते आणि गाढवाने पांघरलं ते सिंहाचं कातडं. बोलीत सरमिसळ होते हे खरं, पण दरसूचीची भिंत नेमकी इथेच आहे. ४१०१ ते ४१०३ कातडी, ४१०४ पासून पुढे चामडं. डुकराचंच बघा: कमावलेलं पण ओलं, म्हणजे वेट ब्लू वगैरे, ४१०६ ३१ मध्ये, तेच सुकवलेलं, ज्याला धंद्यात क्रस्ट म्हणतात, ४१०६ ३२ मध्ये, त्यापुढचं फिनिशिंग झालेलं ४११३ २० मध्ये. सगळ्यांना ‘चर्म’ म्हणून मोकळं झालं तर ही तिन्ही आणि तुमची ४१०३ एकाच पोत्यात जातात. चर्म हा शब्द चर्मोद्योग, चर्मकार अशा समासांतच बरा.

यात पैसाही आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात वेट ब्लूवरचं आयातशुल्क आणि क्रस्टवरचं २० टक्के निर्यातशुल्क माफ झालं. दोन्ही सवलती कमावलेल्या मालाच्या. कातडं-चामडं असं अदलाबदलीने लिहिणाऱ्याच्या बिलात घोळ व्हायला वेळ लागत नाही.

दुसरं उत्तर
‘कच्चं’वर माझा आक्षेप. वाचणाऱ्याला ते ताजं, रक्ताळलेलं वाटतं. प्रत्यक्षात ४१०३ मध्ये ताज्या कातड्याबरोबर मीठ लावलेलं, वाळवलेलं, चुन्यातून काढलेलं, केस काढलेलं, चिरून पातळ केलेलं, आम्ल आणि मिठात मुरवलेलं सगळं येतं. शेवटच्याला आम्ही पिकल म्हणतो. ते पांढरंफटक, ओलसर, एकही केस नसलेलं असतं. हातात दिलं तर ‘हे कच्चं’ असं कुणी म्हणणार नाही, तरी नोंद ४१०३चीच. प्रकरणाच्या दुसऱ्या टीपेत कसोटी दिली आहे: कमावण्याची क्रिया उलटवता येण्याजोगी असेल, तर माल ४१०१ ते ४१०३ मध्येच राहतो. म्हणून ‘न कमावलेली’ लिहा. हिरडा, बाभळीची साल वापरून कातडी कमावणाऱ्यांनाही हा शब्द कळतो आणि क्रोमचे क्षार वापरणाऱ्यांनाही.

मिठाचं मात्र कागदावर वेगळं वजन आहे. युरोपीय संघाच्या नियमात ‘प्रक्रिया केलेली’ कातडी ठरण्याचे काही मार्ग दिलेत. त्यांतला एक, रवानगीआधी किमान १४ दिवस मीठ लावून ठेवणं. दुसरा, २ टक्के सोडियम कार्बोनेट घातलेल्या समुद्री मिठात ७ दिवस. म्हणजे पशुवैद्यकीय नियमात ‘प्रक्रिया केलेली’ आणि दरसूचीत ‘न कमावलेली’ असं एकाच कातड्याचं दुहेरी नाव! आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा साथीचा रोग २०१८ साली चीनमध्ये आणि २०२०मध्ये जर्मनीत पोचल्यापासून डुकराच्या मालाचे हे पशुवैद्यकीय कागद कुणी वरवर बघत नाही.

प्रश्नकर्ती
केस तसेच ठेवलेलं कातडं फरच्या ४३व्या प्रकरणात जाईल ना?

पहिल्याचं उत्तर
एरवी जातं, डुकराचं नाही. पहिल्या टीपेतच अपवादांची यादी आहे. गाय-म्हैस, घोडा, बहुतेक शेळ्या-मेंढ्या, उंट, हरीण, कुत्रा आणि डुक्कर, यांची केसाळ कच्ची कातडी ४१ मध्येच. राठ केस उपटून वेगळे विकले तर ०५०२. कातड्याच्या कापलेल्या कडा, तुकडे ०५११.

त्याच यादीत ‘डुक्कर (पेकरीसह)’ असं आहे. पेकरी हा अमेरिका खंडातला प्राणी, प्राणिशास्त्राने डुकराच्या कुळातला नाही, पण कस्टमने त्याला दत्तक घेतलंय. पेरूहून त्याची कातडी हातमोज्यांसाठी जाते आणि तिला सायटीसचा, म्हणजे वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना लागतो. म्हणून कंस गाळू नका.

तिसरं उत्तर
खाण्याची कातडी विसरलात. गोव्यात डुकराचं मटण कातडीसकट घेतात, आणि जगात इतरत्रही डुक्कर बहुधा सोलत नाहीत. गरम पाण्यात घालून केस खरवडतात आणि कातडी मांसावरच ठेवतात. म्हणून मारलेल्या डुकरांच्या मानाने कातड्याचा व्यापार लहान. खाण्याजोगी कातडी ४१ मध्ये येतच नाही: न शिजवलेली ०२०६ वा ०२१०, शिजवलेली १६०२. हिला ‘कातडी’च म्हणा, स्त्रीलिंगी एकवचन. ४१०३ची ‘कातडी’ हे ‘कातडं’चं अनेकवचन. रूप एक, माल दोन.

आणि चामडं डुकराचंच का, हे ओळखायचं असेल तर दाणा, म्हणजे चामड्याची केसांकडची बाजू, बघा. केसांची छिद्रं तीन-तीनच्या पुंजक्यांत असतात आणि कातड्यातून आरपार जातात. त्यामुळे हवा खेळते आणि बुटाच्या अस्तराला हे चामडं चालतं.

प्रश्नकर्ती
मग ‘डुकरांची (पेकरीसह) न कमावलेली कातडी’ ठेवते. ४३व्या प्रकरणाला ‘अजिन’ (केसांसकट कातड्याचा संस्कृत शब्द) सुचवलंय कुणीतरी.

दुसऱ्याचं उत्तर
मृगाजिन ठीक. पण मिंक या फरवाल्या प्राण्याचं ‘मिंकाजिन’ आयात करणारा व्यापारी मला तरी अजून भेटायचाय. ‘फर’ लिहा.